जुन्या मोटारीचे मऊ ब्रेक पेडल : निदानाच्या पद्धतींचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या मोटारीचे पेडल थोडे अंतर खाली गेले की घट्ट होऊन थांबले पाहिजे. ते तसे न थांबता लवचिक लागते किंवा आणखी खाली जाते, तेव्हा त्याला मऊ पेडल म्हणतात. गॅरेजमध्ये हीच तक्रार ‘ब्रेक खाली लागतो’, ‘पेडल बसते’, ‘दोनदा पंप केल्याशिवाय ब्रेक येत नाही’ अशा वेगवेगळ्या शब्दांत केली जाते. त्यावर पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे निपल सैल करून एअर काढणे. त्याने काम झाले तर पुढे कोणी पाहत नाही. झाले नाही, तर मास्टर सिलिंडर, होज पाइप, व्हील सिलिंडर असे एकेक सुटे भाग बदलत जाण्याची वेळ येते.

जुन्या गाडीत हा मार्ग खर्चिक ठरतो. नव्या गाडीत बहुतेक वेळा एकच दोष असतो. वीस-तीस वर्षे चाललेल्या गाडीत दोन-तीन दोष एकाच वेळी असू शकतात आणि एक दुरुस्त केल्याने दुसरा झाकला जातो. म्हणून अनुभवी कारागिरांत आणि सर्व्हिस मॅन्युअल लिहिणाऱ्यांत मतभेद आहे तो मुख्यतः क्रमाबद्दल. आधी हवा काढून पाहावी, की आधी दोष कुठे आहे ते वेगळे करून पाहावे, हा वादाचा गाभा आहे. हवा कोणत्या पद्धतीने काढावी, ब्रेक ऑइल कधी आणि कोणते बदलावे, जुना सिलिंडर दुरुस्त करावा की नवा बसवावा, हे उपप्रश्न त्याला जोडून येतात.

पार्श्वभूमी

द्रवाच्या दाबाने चारही चाकांचे ब्रेक लावण्याची कल्पना माल्कम लॉकहीड यांनी अमेरिकेत विकसित केली. १९२१ सालची ड्युसेनबर्ग मॉडेल ए ही अशी यंत्रणा असलेली पहिली प्रवासी मोटार मानली जाते. १९२४ मध्ये क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यात सुधारणा करून रबरी कप-सील वापरले आणि यंत्रणा भरवशाची झाली. फोर्डने मात्र हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारायला १९३९ साल उजाडले. द्रव सर्वत्र सारखा दाब पोहोचवतो आणि जवळजवळ दाबला जात नाही, या गुणावर ही यंत्रणा उभी आहे. तो द्रव अडवून धरण्याचे काम रबराच्या पातळ ओठांकडे असते. मऊ पेडलची बरीचशी कारणे या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात. एक तर यंत्रणेत दाबले जाणारे काही शिरलेले असते, नाही तर रबर द्रवाला अडवत नसते.

सुरुवातीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच मंडल असे. एक व्हील सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक जात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दुहेरी मंडल सक्तीचे झाले आणि एकामागे एक दोन पिस्टन असलेला टँडम मास्टर सिलिंडर हळूहळू सगळीकडे पोहोचला. त्यामुळे सुरक्षितता वाढली, पण निदानात एक नवी शक्यताही आली. एक मंडल निकामी झाले की पेडल बरेच खाली जाते आणि मग उरलेल्या मंडलावर अचानक घट्ट होते.

भारतात या प्रश्नाचा संबंध मुख्यतः तीन घराण्यांच्या गाड्यांशी येतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, फियाट ११०० वर आधारलेली प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर या दोन्ही गाड्या दीर्घ काळ चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन धावल्या. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८०० नंतरच्या रूपात पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी होती. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. तरी हौशी मालकांकडे या गाड्या आजही आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते, त्यामुळे ब्रेकची स्थिती हा कागदोपत्रीही टाळता न येणारा विषय आहे.

पेडलचे गणित

वाद समजण्यासाठी थोडे आकडे उपयोगी पडतात. मास्टर सिलिंडरचा एक प्रचलित व्यास पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंमी भरते. यंत्रणेत वातावरणाच्या दाबाची १ घन सेंमी हवा अडकली असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर ती दबून जवळपास नाहीशी होते. तेवढी जागा भरून काढायला पिस्टनला सुमारे ३.५ मिमी जास्त पुढे जावे लागते. पेडलचे तरफेचे गुणोत्तर ५ धरले, तर पायाखाली हे अंतर सतरा-अठरा मिमी होते. एवढ्याशा बुडबुड्याने पेडल इतके खाली जाते.

आता हवा अजिबात नाही असे समजू. चारही चाकांना ड्रम आहेत आणि प्रत्येक चाकात दोन पिस्टन आहेत. लायनर झिजल्यामुळे किंवा शू सैल राहिल्यामुळे प्रत्येक पिस्टनला अर्धा मिमी जास्त सरकावे लागत असेल आणि व्हील सिलिंडरचाही व्यास पाऊण इंच असेल, तर एकूण सुमारे १.१ घन सेंमी जास्त द्रव लागतो. म्हणजे पेडल सुमारे २० मिमी खाली जाते.

दोन्ही दोषांत पेडल जवळजवळ सारखेच खाली गेले. फरक शेवटी जाणवतो. हवा असेल तर दाब वाढवत गेल्यावर पेडल स्प्रिंगसारखे दबत राहते. अंतर जास्त असेल तर पेडल खाली जाते, पण तिथे पोहोचल्यावर टणक लागते. ‘किती खाली’ या एका मापावरून निदान होत नाही, याबाबत सर्व मतांचे लोक सहमत आहेत.

एका तक्रारीतल्या पाच तक्रारी

मऊ पेडलची लक्षणे साधारण पाच गटांत विभागता येतात. हे वर्गीकरण फारसे वादग्रस्त नाही.

पहिला गट लवचिक पेडलचा. पाय दाबत गेले की पेडल दबत जाते, एकदोनदा पंप केल्यावर वर येते, पण लवचिकपणा पूर्ण जात नाही. हवेचा संशय इथे सर्वांत आधी घेतला जातो. शू ड्रमच्या गोलाईला न जुळणे, पॅड तिरके झिजणे किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकणे यांनीही असाच अनुभव येतो, कारण धातूचा भाग वाकत असतो.

दुसरा गट खाली पण टणक लागणाऱ्या पेडलचा. लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर ते वर लागते. यात ड्रम आणि शू यांतील अंतर, जाम झालेला सेल्फ-अ‍ॅडजस्टर, मर्यादेपलीकडे टर्निंग केलेला ड्रम ही कारणे असतात. डिस्क असलेल्या गाडीत सैल व्हील बेअरिंग किंवा वाकडी डिस्क पॅडना मागे ढकलते. खडबडीत रस्त्यावरून किंवा वळणावरून आल्यानंतरच्या पहिल्या दाबाला पेडल खाली जाते आणि उभ्या गाडीत मात्र सगळे ठीक वाटते, ही त्याची खूण.

तिसरा गट हळूहळू बसत जाणाऱ्या पेडलचा. सिग्नलला पाय दाबून ठेवला की पेडल आधी घट्ट लागते आणि मग संथपणे तळाकडे जाते. द्रव बाहेर गळतो आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतच सील ओलांडून मागे येतो आहे, एवढीच शक्यता इथे उरते. हा गट सर्वांत धोकादायक समजला जातो.

चौथा गट तापल्यावरच मऊ होणाऱ्या पेडलचा. घाट उतरताना ब्रेक वारंवार लावले की पेडल अचानक खाली जाते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत होते. ब्रेक ऑइलला उकळी फुटून वाफ झाल्याचे हे लक्षण आहे. याची गल्लत ब्रेक फेडशी होते. फेडमध्ये पेडल घट्टच राहते, पण लायनरची पकड कमी झाल्याने गाडी थांबत नाही.

पाचवा गट तक्रार असून दोष नसलेला. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना पेडल चार-सहा वेळा दाबून टणक करावे आणि दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालतो आहे. हे खाली जाणे अनेकांना बिघाड वाटते. बूस्टर निकामी झाला तर पेडल कडक होते, मऊ होत नाही.

पहिला पक्ष : आधी हवा काढावी

या पक्षाचे म्हणणे व्यवहारी आहे. हवा हे वारंवार आढळणारे कारण आहे, ती काढायला खर्च कमी लागतो आणि त्या निमित्ताने जुने ब्रेक ऑइलही बदलले जाते. पॅड झिजत गेले की टाकीतली पातळी उतरते आणि चढावर किंवा वळणावर हवा आत जाऊ शकते. मागच्या दुरुस्तीत पाइप सोडलेला असेल तर हवा राहून जाण्याची शक्यता आणखी मोठी. निपलमधून बुडबुडे आले तर निदान आणि उपाय एकाच वेळी होतात.

या पक्षाचे अनुभवी लोकही हवा निघत नसल्याच्या काही ठरावीक जागा सांगतात. डावा आणि उजवा कॅलिपर एकमेकांच्या जागी बसले तर निपल खालच्या बाजूला येतो, हवा वर अडकून राहते आणि कितीही ब्रेक ऑइल सोडले तरी निघत नाही. नवा किंवा उघडलेला मास्टर सिलिंडर बाकावर धरून आधी हवामुक्त केला नाही तर त्यातली हवा चाकापर्यंत येता येता दमछाक होते. मागच्या चाकांकडे भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल आणि गाडीचा मागचा भाग जॅकवर लटकत असेल, तर तो व्हॉल्व्ह प्रवाह आखडता घेतो. चाके भाराखाली ठेवून काम केले की हा अडथळा दूर होतो.

दुसरा पक्ष : आधी दोष वेगळा करावा

या पक्षाचा आक्षेप असा, की एअर काढणे हा उपाय आहे, तपासणी नव्हे. बंद यंत्रणेत हवा आपोआप तयार होत नाही. ती आत कशी आली याचे उत्तर न मिळवता काढली, तर पुन्हा येईल. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये याचे एक सूक्ष्म कारण असते. पेडल सोडताना पिस्टन मागे येतो आणि क्षणभर सीलचा ओठ सैल पडून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. ते टाळण्यासाठी पूर्वी मास्टर सिलिंडरच्या मुखाशी अवशिष्ट दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह असे. पुढे व्हील सिलिंडरमध्येच सील पसरवून धरणारी स्प्रिंग-चकती आली. दुरुस्तीत हा व्हॉल्व्ह किंवा चकती गाळली गेली, तर थेंबभरही गळती न दिसता हवा शिरत राहते.

दोष वेगळा करण्याची सर्वांत स्वच्छ रीत म्हणजे मास्टर सिलिंडरच्या मुखांवरचे पाइप काढून तिथे योग्य आट्यांचे बंद प्लग बसवणे. प्लग बसवताना शिरलेली हवा काढल्यावर पेडल दगडासारखे घट्ट लागले पाहिजे आणि तसेच राहिले पाहिजे. ते बसत गेले तर दोष सिलिंडरमध्ये आहे. घट्ट राहिले तर दोष त्याच्या पुढे आहे. मग एकेक मंडल जोडत जाऊन कुठे पेडल मऊ होते ते पाहता येते.

दुसरी, झटपट रीत होज पाइप चिमट्याने दाबून बंद करण्याची. सर्व होज बंद करून पेडल घट्ट झाले, तर एकेक मोकळा करत जायचे. ज्या चाकाचा होज सोडल्यावर पेडल खाली जाते, तिथे दोष. यावर गंभीर आक्षेप आहे. जुन्या होजचे आतले अस्तर दाबाने फाटू शकते आणि सुटलेला पापुद्रा झडपेसारखा आडवा येऊन ब्रेक अडकवून ठेवू शकतो. गोल जबड्याचा खास चिमटा आणि सुस्थितीतला होज असेल तरच हे करावे, असे या रीतीचे पुरस्कर्ते सांगतात. विरोधक म्हणतात की जो होज चिमट्याखाली धरायची भीती वाटते, तो बदलायच्याच लायकीचा असतो. पोलादी जाळीचा होज मात्र चिमट्यात धरू नये, यावर दोघांचे एकमत आहे.

तिसरा पक्ष : आधी अंतरे पाहावीत

ड्रम ब्रेकवर वर्षानुवर्षे काम केलेले कारागीर बहुधा या पक्षाचे असतात. वर मांडलेले गणित त्यांच्या बाजूने आहे. चारही ड्रम असलेल्या गाडीत शू सैल असतील, तर हवा काढण्याचा काहीच उपयोग नाही. पंप केल्यावर पेडल वर येते, त्यावरून हवेचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

यांची आवडती चाचणी बिनखर्चाची आहे. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या शूंवर चालतो, तिथे तो काही दाते ओढून पेडल पुन्हा दाबावे. पेडल स्पष्टपणे वर आणि टणक लागले, तर मागचे अंतर जास्त आहे. चाक हाताने फिरवून, शू किंचित घासेपर्यंत अ‍ॅडजस्टर आवळून आणि मग थोडा सैल करून हे अंतर ठीक होते. या चाचणीची मर्यादा अशी, की ती पुढच्या चाकांबद्दल काहीच सांगत नाही. हँडब्रेकची केबल आखडून शूची सैलावलेली स्थिती लपवलेली असेल, तर तिचा निकालही फसवा निघतो. म्हणून केबल सैल करून आधी शू आणि मग केबल, असा क्रम सांगितला जातो.

मास्टर सिलिंडर : दोषी की बळी

हळूहळू बसणाऱ्या पेडलचा संशय थेट मास्टर सिलिंडरवर जातो आणि तो बहुधा खराही असतो. तरी आधी बाहेरची गळती शोधावी लागते. चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओल, व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर दिसणारा द्रव, पाइपच्या सांध्यांवर उडालेला रंग या खुणा पाहिल्या जातात. बूस्टर नसलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले तर पुशरॉडपाशी ओल दिसते. बूस्टर असेल तर तोच द्रव बूस्टरच्या पोटात साचतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. पातळी घटते पण गळती सापडत नाही, तेव्हा मास्टर सिलिंडर सैल करून त्याच्यामागे पाहावे लागते.

पातळी घटत नसेल आणि पेडल बसत असेल, तर द्रव आतल्या आत सील ओलांडतो आहे. टाकीचे झाकण काढून दुसऱ्याने पेडल दाबावे. सुरुवातीला छिद्रातून थोडी उसळी येणे स्वाभाविक आहे. दाबून धरल्यावरही खळबळ चालू राहिली तर मुख्य सील गेलेले आहे. टँडम सिलिंडरमध्ये दुसऱ्या पिस्टनच्या सीलचा दोष या चाचणीत नेहमी दिसत नाही. तिथे प्लगची चाचणी जास्त भरवशाची ठरते.

इथेच एक जुना वाद आहे. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, की पिस्टन एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात जातो. जुन्या सिलिंडरमध्ये तिथे गंज किंवा गाळ असतो आणि सीलचा ओठ कापला जातो. गाडी आली तेव्हा ठीक असलेला सिलिंडर दुरुस्तीनंतर निकामी होतो तो यामुळे. म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, असे एक मत. दुसरे मत असे, की आणीबाणीत चालक पेडल तळापर्यंतच दाबणार आहे. जे सील तेवढे सोसू शकत नाही, ते रस्त्यापेक्षा गॅरेजमध्ये जावे हे बरे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नवा सिलिंडर सहज मिळणाऱ्या गाडीत दुसरे मत परवडते. सुटा भाग शोधायला आठवडे लागणाऱ्या गाडीत मालक पहिल्या मताकडे झुकतात.

होज आणि ब्रेक ऑइल

जुना रबरी होज दाबाखाली फुगतो आणि पेडल मऊ करतो, हे विधान वारंवार ऐकू येते. फुगणे नव्या होजमध्येही असते. अमेरिकी मानकात आठव्या हिश्श्याच्या इंची व्यासाच्या साध्या होजला १,००० पीएसआय दाबाला फुटामागे ०.६६ घन सेंमीपर्यंत, आणि कमी फुगणाऱ्या वर्गातल्या होजला ०.३३ घन सेंमीपर्यंत फुगण्याची मुभा आहे. म्हणजे होजचा वाटा गणितात धरण्याइतका आहे. जाळीचे होज बसवल्याने पेडल घट्ट झाल्याचा अनुभव अनेक जण सांगतात. मात्र होज बदलताना नवे ब्रेक ऑइल भरले जाते आणि हवाही काढली जाते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय नेमके कोणाला, हे वेगळे काढणे कठीण होते. होजला भेगा, फुगवटा किंवा ओल दिसली तर तो बदलावा, यावर दुमत नाही.

ब्रेक ऑइलबाबत गैरसमज जास्त आहेत. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव हवेतली आर्द्रता शोषतात, काही प्रमाणात होजच्या रबरातूनही. शोषलेले पाणी विरघळलेले असते आणि थंड गाडीत त्याने पेडल मऊ होत नाही. ते उकळण्याचे तापमान खाली आणते. मानकानुसार डॉट ३ चे कोरड्या अवस्थेतले किमान तापमान २०५ अंश सेल्सियस आहे, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर १४० अंश. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणच्या दमट हवेत राहणारी आणि आंबोली किंवा कशेडीचा घाट उतरणारी गाडी या दोन्ही बाजूंनी अडचणीत असते. जुन्या ब्रेक ऑइलचा संबंध तापल्यावर येणाऱ्या मऊपणाशी थेट आहे. गार असताना येणाऱ्या मऊपणाशी तो गंज आणि झिजलेल्या सीलमार्फत, दुरून आहे.

ते बदलावे कधी, याबाबत अनेक उत्पादक दोन वर्षांची मुदत सांगतात. दुसरा विचार मोजून बदलण्याचा आहे. विजेची वाहकता मोजणारी पेनसारखी साधने स्वस्त आहेत, पण ब्रेक ऑइलच्या प्रकारानुसार त्यांचे वाचन बदलते. नमुना प्रत्यक्ष उकळून पाहणारे यंत्र अधिक खात्रीचे आणि महाग आहे.

सिलिकॉनवर आधारलेले डॉट ५ हौशी मालकांना आकर्षक वाटते, कारण ते पाणी शोषत नाही आणि रंग खराब करत नाही. विरोधी बाजू अशी, की त्यात हवेचे बारीक बुडबुडे टिकून राहतात, ते ग्लायकॉलपेक्षा थोडे जास्त दाबले जाते आणि आत आलेले पाणी न विरघळता खोलगट जागी साचते. मऊ पेडलची तक्रार असलेल्या गाडीत या बदलाने निदान आणखी गुंतते. ग्लायकॉल आणि सिलिकॉन एकमेकांत मिसळत नाहीत. खनिज तेल चुकून टाकीत पडले तर सील फुगून मऊ पडतात. शंका असेल तर नमुन्याचे काही थेंब पाण्यात टाकून पाहावेत. ग्लायकॉल विरघळते, तेल आणि सिलिकॉन वेगळे राहतात.

हवा काढण्याच्या रीती

चार रीती प्रचलित आहेत. दोघांनी मिळून पेडल दाबत निपल उघडण्याची रीत सर्वत्र चालते, पण निपल बंद होण्याआधी पेडल सोडले तर हवा परत आत येते. निपलला पंप लावून ओढून घेण्याच्या रीतीत एकटा माणूस काम करू शकतो. तिचा दोष असा, की निपलच्या आट्यांतूनही हवा ओढली जाते आणि नळीत दिसणारे बुडबुडे यंत्रणेतले की बाहेरचे ते कळत नाही. टाकीवर हवेचा सौम्य दाब देण्याची रीत सातत्यपूर्ण आहे, पण प्रत्येक गाडीच्या टाकीला बसणारे झाकण लागते. निपल उघडून द्रव आपोआप गळू देणे सर्वांत सौम्य आणि सर्वांत संथ. जुन्या सीलांना ते मानवते.

चाकांचा क्रमही वादात आहे. सर्वांत दूरचे चाक आधी, हा रूढ नियम आहे. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत ते बहुधा मागचे डावे चाक. तिरप्या मंडलांच्या गाडीत उत्पादकाने दिलेला क्रम वेगळा असू शकतो आणि तिथे मॅन्युअल प्रमाण मानणे श्रेयस्कर.

दुरुस्ती की बदल

मास्टर सिलिंडर दोषी ठरला की रबर किट टाकायचे की नवा घ्यायचा, हा प्रश्न येतो. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला सौम्य होनिंग करून किट टाकणे ही जुनी, मान्य रीत आहे. सिलिंडरला खड्डे पडले असतील तर नवे सील काही दिवसांतच जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर संरक्षक थर असतो आणि होनिंगने तो निघून जातो, म्हणून तिथे बदलणेच सुचवले जाते. नवा भाग मिळत नसेल तर स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून घेतात. ती टिकते, पण काम अचूक लागते. बाजारात मिळणाऱ्या बिनखात्रीच्या ‘नव्या’ सिलिंडरपेक्षा नीट दुरुस्त केलेला मूळचा बरा, असे मानणारा वर्ग मोठा आहे. याच्या उलट बाजूने, ब्रेकसारख्या भागात दुरुस्तीची जोखीमच घेऊ नये, असे मत मांडले जाते.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्नांना अजून पक्के उत्तर नाही. मऊपणाचे सर्वमान्य माप गॅरेजपर्यंत पोहोचलेले नाही. काही जपानी घडणीच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण ३० किलो जोराने पेडल दाबल्यावर तळाशी किती अंतर उरावे, ते दिलेले असते. पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांसाठी मात्र कारागिराच्या पायाचा अंदाज हाच आधार असतो. रोलरवरची ब्रेक-तपासणी चाकावरचा जोर मोजते, पेडलचा प्रवास मोजत नाही. त्यामुळे मऊ पेडलची गाडी ती तपासणी पार करू शकते. जुन्या होजला रबराच्या वयावरून निवृत्त करावे की स्थिती पाहून, आणि मूळ ड्रमच्या गाडीला डिस्क व बूस्टर बसवल्याने निदान सोपे होते की सिलिंडरची मापे न जुळल्याने नवा मऊपणा येतो, हेही प्रश्न खुले आहेत.

सद्यस्थिती

तिन्ही पक्ष जिथे एकत्र येतात असा क्रम आता बराचसा स्पष्ट आहे. प्रथम पेडल कोणत्या गटातले आहे ते ठरवावे. नंतर पातळी आणि बाहेरची गळती पाहावी. त्यानंतर शू, पॅड, बेअरिंग यांची अंतरे ठीक करावीत. मग हवा काढावी, आणि तेवढ्यानेही पेडल मऊच राहिले तर प्लग लावून मास्टर सिलिंडर वेगळा तपासावा. भाग बदलणे सर्वांत शेवटी येते. या क्रमाला अपवाद एकच. दाबून धरल्यावर बसत जाणाऱ्या पेडलची गाडी, विशेषतः एकच मंडल असलेली, निदान पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर आणू नये.